जर्मन मिस्सेत तोंड चालते, मन चालत नाही

प्रश्न: काकू, जय येशू. मी नागपूरची, वय २८, दीड वर्षापासून जर्मनीत नर्स आहे, स्टुटगार्टपासून तासभर लांब एका छोट्या गावात. गावात कॅथलिक चर्च आहे, रविवारची उपासना म्हणजे मिस्सा जर्मनमध्ये. मला कामापुरतं जर्मन येते पण प्रार्थना त्या भाषेत होतच नाही, तोंडाने आमेन म्हणते आणि मन घरी असते. इंग्लिश मिस्सेला जायला ट्रेनने दीड तास. मराठी मिस्सा इकडे कुठे असते का? सोबतची एक मैत्रीण तिच्या इंग्लिश फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये, बोलावते, तिथे गाणी छान असतात. दुसरी एक म्हणते की चर्चमधून नाव काढून टाक, चर्चचा टॅक्स वाचेल. तीन महिने झाले मी मिस्सेला गेले नाही आणि आई दर रविवारी विचारते तर हो म्हणून सांगते. माझी श्रद्धा कमी होऊन राहिली का काकू?

उत्तर:

जय येशू बेटा,

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. श्रद्धा कमी झालेलं माणूस परक्या देशात मराठी मिस्सा शोधत बसत नाही, रविवारी डोक्यावर पांघरूण घेऊन झोपते आणि त्याला काही वाटतही नाही. तुला वाटून राहिलं न, तीन महिने टोचून राहिलं न, मग ती आहे, जागच्या जागी आहे. तुझी उपासमार होऊन राहिली आहे भाषेची, आणि ती खरी उपासमार आहे, तिला नखरे म्हणू नको आणि कोणी म्हटलं तर ऐकू पण नको.

मी हे भोगलं आहे म्हणून सांगते. लग्न झाल्यावर मिस्टरांच्या नोकरीपायी आम्ही सहा वर्षं मस्कतला होतो, रुवीच्या चर्चमध्ये जायचो. तिथे सुट्टी शुक्रवारची म्हणून सगळी गर्दी शुक्रवारच्या मिस्सेला, मल्याळमवाले वेगळे, कोकणीवाले वेगळे, तमिळ, फिलिपिनो, सगळ्यांचे आपापले ग्रुप आणि आपण विदर्भातले दोघं इंग्लिशच्या मिस्सेत मागच्या बाकावर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्लिश मला येत होतं, ऐकायला काही अडचण नव्हती. पण पहिल्यांदा कन्फेशनला गेले आणि गुडघे टेकले तर तोंडातून शब्द निघेना, पाप मला इंग्लिशमध्ये आठवेचना बेटा. बाहेर येऊन रडले. तेव्हा कळलं की आपण लहानपणी ज्या भाषेत चुका केल्या, मार खाल्ला, माफी मागितली त्याच भाषेत मन उघडते, आणि तुझं जर्मन कितीही पक्कं झालं तरी हे राहणारच आहे. येशूने क्रूसावर शेवटी जी हाक मारली ती शुभवर्तमानात त्याच्याच घरच्या भाषेत ठेवली आहे बघ, 'एलोई एलोई लमा सबख्थनी', बाकी जवळपास सगळं ग्रीकमध्ये लिहिलं पण ते वाक्य अरामाईमध्येच राहू दिलं आणि आपल्या मराठी बायबलमध्येही ते तसंच आहे. अगदी शेवटच्या दुःखात त्याला सुद्धा आपलीच भाषा आली, मग तुझं काय चुकलं?

आता मराठी मिस्सेचं. दर रविवारी जर्मनीत मराठी मिस्सा मिळेल अशी आशा मी तुला लावणार नाही. अगं नागपुरात तरी सगळ्या चर्चमध्ये दर रविवारी मराठी कुठे असते, कुठे इंग्लिश असते, कुठे हिंदी असते. मराठीचा खरा जोर वसईकडे, तो धर्मप्रांतच, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग, १९९८ मध्ये वेगळा झाला आणि तिथे बहुतेक कारभार, भजनं, प्रवचनं मराठीत. आणि तुला कोणी 'इंडियन मिस्सा आहे चल' म्हणून सांगितलं तर आधी विचार कोणती, कारण तिकडे इंडियन म्हणजे बहुतेक मल्याळम आणि सिरो मलबार रीतीची, म्हणजे केरळच्या जुन्या पद्धतीची असते, आपल्या चंद्रपूरकडे चांदा धर्मप्रांत आहे न त्या रीतीची. ती पण पूर्ण कॅथलिक मिस्सा आहे, तिथे गेलीस तर रविवारचं कर्तव्य पूर्ण होते, जेवण पण छान असते मागाहून, पण भाषा तुझी नाही हे धरून जा म्हणजे निराशा होणार नाही.

दर रविवारी नाही, पण वर्षातून दोनदा मराठी मिस्सा तू स्वतः ठेवू शकतेस. हे मी मनाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे होण्यासारखं आहे आणि चर्चच्या नियमात बसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकांच्या भाषेत उपासनेचं दार उघडलं, त्याच्या आधीच १९५२ मध्ये पोप पायस बारावे यांनी स्थलांतर केलेल्या लोकांना त्यांच्या भाषेतले धर्मगुरू मिळावेत म्हणून सविस्तर नियम घालून दिले होते, आणि आजच्या चर्चच्या कायद्यातही भाषेच्या आधारावर पॅरिश, म्हणजे एका चर्चची मंडळी, करता येते. जर्मनीत तर हे भरपूर चालते, स्टुटगार्टकडे इटालियन, क्रोएशियन, पोलिश, पोर्तुगीज लोकांच्या मोठमोठ्या कम्युनिटी आहेत, त्यांना तिकडे 'मुटरश्प्राखलिशे गेमाइंडे' म्हणतात म्हणजे मातृभाषेची मंडळी. तुमचा धर्मप्रांत रोटेनबुर्ग-स्टुटगार्ट, त्यांच्या ऑफिसला मेल टाक, या शब्दाने विचार म्हणजे बरोबर माणसापर्यंत जाईल. तुम्ही पाचच जण असाल तर वेगळी पॅरिश कोणी देणार नाही, पण एका मिस्सेसाठी पाच खूप झाले.

फादर कुठून आणायचा? इथे लोक चुकतात, ते मराठी आडनावाचा फादर शोधतात. भारतातले फादर जर्मनीच्या पॅरिशमध्ये भरपूर काम करतात, त्यातले बरेच केरळचे, आणि केरळचा दिसला की आपण सोडून देतो. सोडू नको! आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सला ज्या सेमिनरीमुळे, म्हणजे फादर घडवणाऱ्या कॉलेजमुळे, हे नाव पडलं त्या सेंट चार्ल्समध्ये किती बाहेरची पोरं शिकून गेली, मग अमरावतीकडे, यवतमाळकडे खेड्यापाड्यात राहिली, त्यातले काही असं वऱ्हाडी बोलतात की तू-मी लाजू. असा एखादा तिकडे पोचलेला असू शकतो. म्हणून तुझ्या इथल्या नागपूरच्या पॅरिशच्या फादरला फोन कर, त्यांना विचार की आपल्याकडे काम केलेलं कोणी सध्या जर्मनीत आहे का, फादर लोकांना एकमेकांचा पत्ता बरोबर माहीत असतो. फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे फादर, येशूसंघाचे फादर, वसई-नाशिक-पुण्याकडून शिकायला गेलेले, सगळीकडे विचारून ठेव.

फादर मिळाला की तुझ्या गावच्या जर्मन फादरला भेटून चर्च माग, शनिवारची दुपार बहुतेक रिकामी असते. येणाऱ्या फादरला आपल्या बिशपचं किंवा वरिष्ठांचं पत्र सोबत आणावं लागते, ते त्याला माहीत असते. मराठी मिस्साग्रंथ आणि वाचनांचं पुस्तक मात्र आधीच मागवून ठेव, ऐन वेळेला मोबाईलमधून वाचलेली मिस्सा ऐकायला कसंतरी वाटते. लोकांची उत्तरं आणि चार भजनं छापून घे, कारण मराठी येते पण उत्तरं विसरलेले बरेच येतील. तबला पेटी मिळाली तर सोनं, नाही मिळाली तर टाळ्या आहेत. आरती करायची असेल तर फादरला आधी विचारून घे, आपल्याकडे १९६९ पासून आरती, हात जोडून वंदन, जमिनीवर बसणं हे सगळं मान्य आहे पण तिकडच्या फादरने कधी पाहिलं नसेल तर घाबरेल बिचारा.

आणि माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दिवाळीला जात जा, तिथे आपले लोक असतात पण ओळखू येत नाहीत. वसईचा असला तर आडनावावरून कळते, लोपीस, तुस्कानो, पण आपले साळवे, गायकवाड, पवार, कोणाला कळणार की हे कॅथलिक आहेत? तूच सांग की मी कॅथलिक आहे, रोजरी म्हणजे जपमाळ म्हणायला कोणी येईल का. मस्कतला माझं असंच झालं, बस स्टॉपवर उभी राहून मी हळूच जपमाळेतलं 'नमो मारिया' म्हणत होते तर बाजूची बाई वळून बघते, वसईची निघाली. तिच्या घरची बोली मला अर्धी समजायची नाही, तिची चाल वेगळी, तिचे काही शब्द वेगळे, पण त्या संध्याकाळपासून आम्ही दोघी तिच्या हॉलमध्ये बसून जपमाळ करायला लागलो आणि वर्षभरात अकरा बायका झाल्या. मराठी मिस्सा आम्हाला तिथे सहा वर्षांत एकदाच मिळाली, पण बुधवारची जपमाळ कधी चुकली नाही आणि खरं सांगते मला त्या जपमाळेनेच तारलं.

तोवर जर्मन मिस्सा सोडायची नाही हे मी तुला हात जोडून सांगते. तुझी अडचण अशी आहे की तू तिथे जाऊन जर्मन ऐकायला बसतेस, जणू काही भाषेचा क्लास आहे. तू असं कर, शनिवारी रात्री रविवारची वाचनं मराठीत वाचून ठेव. जगभर बहुतेक रविवारी वाचनं तीच असतात, तीन वर्षांचं चक्र आहे, एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. म्हणजे त्या रविवारी तुझी आई नागपुरात जे शुभवर्तमान ऐकते तेच तू ऐकतेस. काही सण मागे पुढे होतात, स्वर्गारोहण आणि ख्रिस्तशरीराचा सण तिकडे गुरुवारीच करतात आणि सुट्टी पण असते, आपल्याकडे रविवारी ढकलतात, तेवढं बघून घे. मग मिस्सेत मराठी बायबल मांडीवर उघडं ठेव, कोणी काही म्हणत नाही. फादर म्हणतील 'डेर हेर झाय मिट ऑइख' तेव्हा तू मनात मराठीत उत्तर दे, 'फाटर उन्झर' सुरू झालं की तू तुझी स्वर्गीय पित्याची प्रार्थना मराठीत म्हण, पुटपुटत म्हण, लांबी जवळपास तेवढीच आहे, सोबत संपते. आमेन, हालेलुया, होसान्ना तर सगळीकडे सारखंच. बाकावर जाडं पुस्तक असते, 'गोटेसलोब', बोर्डावर नंबर लागतात त्या नंबरचं गाणं काढायचं. महिन्याला एक गाणं पाठ कर, एकच. सहा महिन्यांनी सहा गाणी तुझी होतील आणि मग ते चर्च जरा तुझं वाटायला लागेल.

आणि आपल्या कॅथेड्रलवर ज्या संताचं नाव आहे तो फ्रान्सिस डी सेल्स, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही सांगायचो ते आठवते का, त्याच्याकडे ऐकू-बोलू न येणारा एक माणूस होता, त्याला त्याने खाणाखुणा करून धर्म शिकवला आणि कम्युनियन दिलं. म्हणून तो कर्णबधिर लोकांचा पण संत आहे. त्या माणसाने आयुष्यात एक शब्द ऐकला नाही तरी त्याची मिस्सा झाली की नाही झाली? तुला तर निदान जर्मन अर्धं कळते.

तुझ्या ड्युट्यांचं पण बोलते. रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी केली तरी चालते, तिकडे त्याला 'फोरआबेंडमेसे' म्हणतात, वेळापत्रकात बघ. आणि रविवारी वॉर्डात पेशंट सोडून जाता येत नसेल तर त्यात पाप नाही, उगाच मनाला लावून घेऊ नको. तुमच्या हॉस्पिटलमध्ये चॅपल आहे का ते पण बघ, तिकडे बऱ्याच ठिकाणी असते, दहा मिनिटं जाऊन बसली तरी बरं वाटेल. युट्यूबवर आपल्याकडची मराठी मिस्सा लावत असशील तर जरूर लाव, पण ती प्रत्यक्ष मिस्सेच्या जागी धरू नको, कम्युनियन स्क्रीनमधून मिळत नाही. शिवाय आपली सकाळी सातची लाईव्ह म्हणजे तुझ्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच, नाईट शिफ्ट असेल तेव्हाच जमेल.

कन्फेशन फोनवर होत नाही, होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको. पण कोणत्याही फादरकडे जायची तुला मोकळीक आहे, इंग्लिश येणारा शोध, कागदावर लिहून ने, माझ्यासारखी अडकणार नाहीस. दुभाषी घेऊन पण जाता येते आणि त्या दुभाष्यालाही गुपित पाळायचं बंधन असते, पण मी म्हणेन की थोडक्यात इंग्लिशमध्ये सांग आणि सुट्टीत घरी आलीस की मराठीत पोटभर बोल.

टॅक्सचं मात्र नीट ऐक. तुमच्या राज्यात चर्चचा टॅक्स ८ टक्के आहे पण तो पगारावर नाही, इन्कम टॅक्सवर. म्हणजे महिन्याला ४०० युरो इन्कम टॅक्स कटत असेल तर चर्चचे ३२. हे कमी नाहीत, मला माहीत आहे तू घरी पैसे पाठवतेस. पण तिकडे सरकारी ऑफिसात जाऊन नाव काढणं म्हणजे नुसता फॉर्म भरणं नाही, जर्मनीच्या बिशपांनी २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की असं नाव काढणाऱ्याला कम्युनियन, कन्फेशन हे संस्कार घेता येत नाहीत, गॉडमदर पण होता येत नाही. तुझ्या मैत्रिणीने हे तुला सांगितलं नसेल. उद्या तुझं लग्न ठरलं, बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आला, तेव्हा काय करशील? पैसे खरंच जड जात असतील तर पॅरिशच्या ऑफिसात जाऊन बोल, पण नाव काढू नको. आणि ते ३२ युरो देतेस न, मग त्या चर्चच्या हॉलमध्ये रोजरीसाठी जागा मागताना लाजायचं पण कारण नाही, तू तिथली पाहुणी नाहीस.

मैत्रिणीच्या फेलोशिपमध्ये गाणी ऐकायला, जेवायला जा, चांगली माणसं असतील. पण तिथे मिस्सा नाही, म्हणून ते रविवारच्या बदल्यात नको, सोबत असू दे.

आता आई. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तू तीन महिने खोटं बोलून राहिलीस आणि त्याचं ओझं मिस्सा चुकल्यापेक्षा मोठं झालं आहे, म्हणूनच तुला वाटते श्रद्धा गेली. तिला खरं सांग. ती पाच मिनिटं चिडेल, रडेल, 'काऊन सांगितलं नाही' म्हणेल, म्हणू दे. मग तिला काम दे, आयांना काम दिलं की बरं वाटते. तिला म्हण की मला तुझ्याजवळचं भजनाचं जुनं पुस्तक पाठव, तिच्या हाताने पेनाने खुणा केलेलं तेच, नवीन नको. नाताळच्या आधी कोणी तिकडे येत असेल त्याच्यासोबत करंज्या आणि ते पुस्तक. आणि रोज नाही तर आठवड्यातून तीन दिवस तिच्यासोबत फोनवर जपमाळ कर. तिचे रात्रीचे नऊ म्हणजे तुझे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार, ड्युटी बघून दिवस ठरवा. व्हिडिओ नको, नुसता आवाज, डोळे मिटून, ती अर्धं म्हणेल तू अर्धं म्हण, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येईल, बाजूच्यांच्या घरची टीव्ही ऐकू येईल, ते सगळं येऊ दे कानात.

१ नोव्हेंबरला तुमच्याकडे सुट्टी असते, सकल संतांचा सण. त्या दुपारी तिकडचे लोक कबरस्तानात जातात, दिवे लावतात, आपण २ तारखेला मेणबत्त्या घेऊन जातो तसंच. तू पण जा. तुझ्या बाबांची कबर इथे आहे हे तू लिहिलं होतं पत्राच्या खाली, तर तिथे ज्या कबरीवर दिवा नसेल तिच्यावर एक लाव आणि बाबांसाठी मराठीत मोठ्याने प्रार्थना म्हण. तिथे कोणी तुझ्याकडे वळून बघणार नाही.

या रविवारी ड्युटी नसेल तर जर्मन मिस्सेला जा, बायबल घेऊन. त्याच्या आधी आज आईला फोन लाव. नऊला ती जेवून मोकळी असते न, आणि जपमाळेची सुरुवात तिला करू दे.